दोघांत एक सायकल: माळशेज चढून नाणेघाट उतरायचा तो असा

अठ्ठावीस वर्षं मी माळशेज घाट काचेतून बघितला. एसटीचा ड्रायव्हर, कल्याण-नगर रूट. घाटात नजर रस्त्यावरून काढायची नाही, त्यामुळं डाव्या-उजव्या अंगाला धबधबा आलाय हे मला पॅसेंजरच्या आरडाओरड्यावरून कळायचं. रिटायर झालो, गुडघे कुरकुरायला लागले, डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि मुलीनं सायकल घेऊन दिली. त्या सायकलवर पहिल्यांदा घाट चढताना एका वळणावर थांबून दरीकडं तोंड करून उभा राहिलो, तेव्हा लक्षात आलं की हजारो वेळा गेलेली ही जागा मी आज पहिल्यांदा बघतोय.

सोबतीला मास्तर. मास्तर म्हणजे माझे कंडक्टर. एसटीत कंडक्टरला मास्तरच म्हणतात. ते मला अजून 'ड्रायव्हर' म्हणतात, दोघंही एकमेकांना अहो-जाहो करतो आणि घाटात आमची भांडणं डबल बेल कधी द्यायची यावरून अजून होतात. त्यांना सायकल घ्यायची नव्हती. म्हणून दोघांत एक, असा हिशोब निघाला. तोच इथं सविस्तर सांगतो. कुणाला करायचं असेल तर कामाला येईल.

हिशोब असा. मुरबाडहून माळशेजकडं जाताना टोकावडे मागं पडलं की वैशाखरे लागतं. तिथून पुढं हायवेलाच नाणेघाटाची पायवाट फुटते. या पायवाटेनं वर घाटघरच्या पठारावर जायला जेमतेम चार-पाच किलोमीटर. तेच घाटघर सायकलनं गाठायचं तर माळशेज चढा, गणेश खिंडीतून जुन्नरला या, तिथून पुन्हा पश्चिमेला वळा: ८०च्या आसपास किलोमीटर होतात. जुन्या लोकांनी बैल, गाढवं आणि माणसं वर न्यायची म्हणून कड्याला पडलेली सरळ घळ पकडली आणि तिच्यात दगड रचून वाट बांधली. मोटारीला तेवढा चढ झेपत नाही, तिला वळणं घालत दुसरीकडून जावं लागतं. एक घाट बघून हे कळत नाही. दोन्ही जोडीनं बघितले की पाय आणि मांड्या दोघंही नीट समजावून सांगतात.

म्हणून दोन दिवस काढायचे. पहिल्या दिवशी एकानं सायकल घ्यायची, दुसऱ्यानं पायवाट. घाटघरला मुक्काम. दुसऱ्या दिवशी अदलाबदल: चालत आलेला सायकल घेऊन परत जातो, सायकलवाला पायी उतरतो. दोघंही हायवेवर एकाच जागी भेटतात. वर सायकल कुठं सोडून यायचं झंझट नाही, गाडी मागं पाठवायची भानगड नाही. पूर्वी एसटीच्या टपावर सायकल टाकून वर नेता यायची. आता बऱ्याच गाड्यांच्या टपावर जाळीच नाही.

कधी

दिवाळी झाल्यापासून महाशिवरात्रीपर्यंत. दसऱ्याच्या सुमाराला पठार सोनकीनं पिवळं असतं हे खरं, पण तेव्हा खालच्या कोकणातला घाम एवढा येतो की वर पोचेपर्यंत तुम्हाला फुलं दिसत नाहीत, फक्त पाणी दिसतं.

पावसाळ्यात हा बेत करू नका. माळशेजला दरडी येतात, प्रशासन पर्यटकांना मनाईचे आदेश काढतं. आदेश नसला तरी जुलैत सायकल घेऊन त्या घाटात येऊ नका. का ते ड्रायव्हरकडून ऐका. दाट धुक्यात आम्ही रस्ता बघत नसतो, पुढच्या गाडीचे मागचे लाल दिवे बघत असतो. तुमच्या सायकलला तो दिवा नसेल तर आमच्या लेखी तुम्ही रस्त्यावर नाहीच. नाणेघाटाचा उलटा धबधबा, म्हणजे कोकणातून वर येणारा वारा पाणी दरीत पडू न देता परत माथ्यावर फेकतो तो, पावसाळ्यातच दिसतो. तो बघायचाच असेल तर जुन्नरच्या बाजूनं चारचाकीनं या, कड्यापासून लांब उभं राहून बघा आणि परत जा. तो वेगळा दिवस समजा.

सायकल

दुकानदार २१ गिअर, २४ गिअर असं सांगतो. त्या आकड्यावर भुलायचं नाही. पुढच्या सगळ्यात लहान चक्राचे दात मोजा आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्राचे मोजा. मागचे दात पुढच्याइतके किंवा जास्त असतील तर ती सायकल घाट चढेल. माझ्या सायकलला पुढं २८, मागं ३४. पुढचं मोठं आणि मागचं लहान असलेली शर्यतीची सायकल तरण्या पोरांना ठीक, साठीच्या गुडघ्याला नाही.

पेडल साधी चपटी ठेवा. बुटाला खटका लावून अडकवायची पेडल घेतली तर त्या बुटांनी दुसऱ्या दिवशी कातळावर चालता येत नाही, म्हणजे बुटांचे दोन जोड वागवायचे. रबरी, खाचेच्या तळव्याचे एकच बूट दोन्हीला चालतात. टायर फार बारीक नको. एक जादा ट्यूब, पंप, पंक्चरचं सामान, मागं लाल दिवा, पुढं पांढरा, डोक्याला हेल्मेट आणि हँडलला आरसा. आरसा लावल्यावर लोक हसतात. हसू द्या.

दोघांत एक सायकल म्हटल्यावर सीटचा प्रश्न येतो. मास्तर माझ्यापेक्षा चार बोटं उंच. दर वेळी वर-खाली करून बघण्यात वेळ जातो आणि चुकलेल्या उंचीवर ८० किलोमीटर मारले की गुडघा आठवडाभर बोलतो. आम्ही सीटच्या दांड्यावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी गुंडाळली आहे: लाल माझी, काळी मास्तरांची. पान्याचा एक फेरा की झालं. उंची कशी ठरवायची? सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल अगदी खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलायला नको. मग नेहमीप्रमाणं चवड्यानं पेडल मारा, गुडघ्यात हवा तेवढा वाक आपोआप येतो.

जड सामान सायकलच्या कॅरिअरवर, दोघांचंही. चालणाऱ्याच्या पाठीवर तीन लिटर पाणी, खायचं, टॉर्च, शिट्टी आणि एक पातळ स्वेटर. थंडीत घाटघरला रात्री दातावर दात बसतात.

घाट चढताना

तांबडं फुटलं की वैशाखऱ्यातून निघायचं. अंधारात नको. मोरोशीला भैरवगडाची भिंत उजेडात येते. सरळ उभी, उभ्या केलेल्या फळीसारखी. तिथं थांबलात तरी हरकत नाही. सावर्ण्यात चहा घ्या आणि घाटाला लागा.

माळशेजचा चढ कंबर मोडणारा नाही, एकसारखा आहे. त्यामुळंच लोक फसतात, सुरुवातीला जोर लावतात आणि मधेच गळतात. दम असा ठेवा की गाणं नाही म्हणता आलं तरी एखादी शिवी पूर्ण देता आली पाहिजे. दर अर्ध्या तासाला घोटभर पाणी आणि खिशातले गूळ-शेंगदाणे. भूक लागायची वाट बघायची नाही.

आता ट्रकबद्दल. हे कुठल्या सायकलवाल्या पोराला माहीत नसतं, म्हणून जरा जास्त सांगतो. मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूला, क्लीनरच्या दाराच्या खाली एक जागा असते, ती ड्रायव्हरला आरशात दिसत नाही आणि काचेतूनही नाही. सायकलवाला नेमका तिथंच येऊन उभा राहतो, कारण त्याला डावीकडं सुरक्षित वाटतं. वळणावर तर आणखी गंमत. गाडीची पुढची चाकं मोठा वळसा घेतात, मागची आतून कापत येतात. डाव्या वळणावर तुम्ही ट्रक आणि कठडा यांच्यामध्ये असलात तर पुढची चाकं तुम्हाला सोडून गेली म्हणून खूश होऊ नका, मागची यायची असतात. वळणाच्या आधी मागं ट्रक आला तर सायकल कडेला घ्या, उतरा, त्याला जाऊ द्या. अर्धं मिनिट जातं. चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यावी असा घाटातला नियम आहे आणि तो तुम्हालाही लागू आहे. पण सायकलवर बसून नियम सांगत बसू नका.

हॉर्न वाजला की दचकून मागं वळायचं नाही. मागं बघताना हँडल त्याच बाजूला जातं. वळणाआधीचा लांब हॉर्न समोरच्यासाठी असतो, तुम्हाला दिलेली शिवी नसते. थांबायचं ते रुंद जागेवर, वळणावर नाही. रस्त्यावर ताजे फुटलेले दगड दिसले, वर कड्यावर ओला, वेगळ्या रंगाचा ओरखडा दिसला, तर तिथं फोटोबिटो काही नाही. ती भिंत अजून चालू आहे.

माथ्यावर आलात की वारा लागतो. पुढं खुबी फाटा, पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी, उत्तरेला हरिश्चंद्रगड. घाट संपला म्हणजे चढ संपला असं समजू नका, गणेश खिंड बाकी आहे. जुन्नरला जेवायची वेळ होते. इथली मासवडी खा, पण अर्धीच. पहिल्या वर्षी मी पोटभर खाल्ली आणि आपटाळ्याच्या अलीकडं एका झाडाखाली तासभर झोपलो.

जुन्नर ते घाटघर साधारण ३० किलोमीटर, माणिकडोह धरणाच्या पाण्याच्या आणि चावंड किल्ल्याच्या बाजूनं. वाटेत पूर गावी कुकडेश्वराचं जुनं मंदिर आहे, कुकडीचा उगम तिथलाच. या रस्त्यावर एकच गोष्ट ध्यानात ठेवा. तुम्ही पश्चिमेला जाताय, त्यामुळं दुपारी चारनंतर ऊन थेट डोळ्यांत येतं. तुमच्याच नाही, मागून येणाऱ्या जीपवाल्याच्याही. मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेवा. आणि अंधार व्हायच्या आत पोचा. जुन्नर तालुका बिबट्यांचा आहे, माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. संध्याकाळी उसाच्या कडेनं एकट्यानं सायकल हाकायची नाही.

पायवाट

हायवेवरून आत शिरल्यावर पहिला टप्पा जंगलाचा, चढ कमी. इथं चुकायला होतं. वर गेल्यावर चुकत नाही, कारण तिथं दगडी बांधणीच सांगते.

मी चुकलो होतो. वरून दुपारी तीनला उतरायला लागलो, हीच पहिली चूक. जंगलात एका ठिकाणी वाट दोन झाली. रुंद होती ती धरली. अर्ध्या तासानं एका कोरड्या ओढ्यात उभा, पुढं नुसती करवंदीची जाळी. अंधार पडायला आलेला. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेली एक बाई आल्या. माझ्याकडं नाही, माझ्या पायांकडं बघत म्हणाल्या, "ही ढोरवाट हाय, बाबा. माणसाची वाट वरच ऱ्हायली." आणि पुढं चालायला लागल्या. मी मागं मागं.

त्या दिवशी शिकलेलं सांगतो. ढोरवाट रुंद दिसते, पण ती एकटी नसते. तिला समांतर दोन-तीन आणखी वाटा असतात, कारण जनावरं पसरून चालतात. ती चढ-उतार टाळून आडवी जाते आणि शेवटी पाण्यावर किंवा चाऱ्यावर नेते. माणसाची वाट अरुंद, पण एकच. तिच्यातल्या दगडांचे माथे पायांनी गुळगुळीत झालेले असतात. नाणेघाटात तर हे दगड शेकडो वर्षं घासले गेलेत, खाली वाकून हात फिरवला तर कळतं. शंका आली तर पुढं जायचं नाही, शेवटचा गुळगुळीत दगड दिसला होता तिथपर्यंत मागं यायचं.

चढायला दोन ते तीन तास धरा. कड्यांवर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर-सेंट नको, विडी-सिगारेट अजिबात नको, आरडाओरडा नको. वरच्या भागात माकडं आहेत. पिशवीची चेन त्यांना उघडता येते.

माथ्याच्या जरा खाली गुहा आहे, शेजारी कातळात खोदलेली पाण्याची टाकी. या गुहेला निदान एक तास द्या. भिंतींवर ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत नागनिका राणीचा लेख आहे. सातवाहनांची राणी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. १९व्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्याचा अभ्यास केला. लेखात कुठले यज्ञ केले आणि प्रत्येक यज्ञात किती गाई, किती घोडे, किती कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दिले याची आकड्यांसकट यादी आहे. भारतातले इतके जुने आकडे फार कमी ठिकाणी बघायला मिळतात. मास्तरांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ भिंतीकडं बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे हे वेबिल आहे, ड्रायव्हर." अठ्ठावीस वर्षं रोज वेबिल, म्हणजे तिकिटांच्या आणि पैशांच्या हिशोबाचा कागद, लिहिलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार.

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. वर त्यांची नावं कोरलेली आहेत, मूर्ती तुटून गेल्या. काही ठिकाणी खाली फक्त पावलं उरलीत. चालून आल्यावर बूट काढून तिथं बसलं की आपलीही नजर पुन्हा पुन्हा त्या पावलांवरच जाते. सकाळचं ऊन गुहेत येत नाही, अक्षरं बघायला टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरा. समोरून मारलात तर काही दिसत नाही. आणि अक्षरांना खडू, पाणी, बोट काही लावू नका.

गुहेतून वर अरुंद खिंडीसारख्या वाटेनं पठारावर आलात की मोठा दगडी रांजण दिसतो. कल्याण-सोपारा बंदरांतला माल याच वाटेनं जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचा. त्याची जकात या रांजणात टाकायचे असं इथं सांगतात. मास्तरांनी आत डोकावून बघितलं. पावसाचं शिळं पाणी आणि एक बिस्किटाचा कागद. कागद त्यांनी काढून खिशात घातला.

मुक्काम आणि अदलाबदल

घाटघरला घरगुती राहायची सोय होते, पण आधी फोनवर सांगून ठेवा. आयत्या वेळी चार माणसांची भाकरी कुणाच्या चुलीवर तयार नसते. पिठलं-भाकरी, ठेचा, भात. चालणारा सकाळी दहालाच पोचलेला असतो, त्याच्या हाती अख्खा दिवस आहे म्हणून त्यानं एकट्यानं जीवधनवर जाऊ नये. त्या गडावर काही टप्पे कातळातले आहेत, माहीतगार घेऊनच जावं. मास्तर गुहेत झोप काढतात, मला तेच बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सायकल मास्तरांच्या ताब्यात जाते. त्यांना माळशेज उतरायचा असतो, म्हणून आदल्या रात्री मी ब्रेकचे रबर बघून देतो. इथं माझी एक फजिती सांगितली पाहिजे. मोटारीत आम्हाला शिकवलेलं: ज्या गिअरला घाट चढाल त्याच गिअरला उतरा, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत. पहिल्यांदा सायकलनं माळशेज उतरताना मी सवयीनं गिअर खाली टाकला आणि निर्धास्त बसलो. सायकलला धरून ठेवायला इंजिन असतं कुठं! वेग वाढला तसा घाबरून दोन्ही ब्रेक दाबून धरले ते सावर्ण्यापर्यंत. खाली उतरून रिमला बोट लावलं तर चटका बसला, आणि चहा यायच्या आत मागची ट्यूब फटकन गेली. घाटात गेली असती तर हे लिहायला मी नसतो.

तेव्हा ब्रेक सतत दाबून धरायचा नाही. दाबा, वेग कमी करा, सोडा, रिमला वारा लागू द्या, पुन्हा दाबा. दोन्ही ब्रेक बरोबर. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक नाही. आतल्या बाजूचं पेडल वर ठेवा, नाहीतर ते डांबराला घासतं. दर दोन-तीन किलोमीटरला थांबून रिमजवळ हात न्या. धग लागली तर पाच मिनिटं दरी बघा. डिस्क ब्रेकची सायकल असेल तर डिस्कला हात लावू नका, ती आणखी तापते.

उतरणाऱ्यानं सकाळीच निघावं, माझ्यासारखं तीनला नाही. पायाची नखं आदल्या दिवशी कापा. लेस उतारासाठी घोट्याजवळ आवळून बांधा, म्हणजे पाय पुढं सरकून अंगठा बुटाच्या टोकाला आपटत नाही. हातात एक काठी, पावलं लहान, आणि उंच पायरीवर तिरकं उतरा. खाली जंगलात पाचोळ्याखालचा गोल दगड फसवतो, तिथं घाई नको.

मी दहाच्या सुमाराला हायवेला लागतो. मास्तरांना यायला तीन-चार वाजतात. तोवर टपरीवर बसायचं, पाय पाण्यात घालायचे, जाणाऱ्या गाड्या मोजायच्या. मग लांबून घंटी ऐकू येते, एकदाच. आमच्याकडं दोन म्हणजे निघा, एक म्हणजे थांबा. ते उतरतात, मी पान्यानं सीट काळ्या पट्टीवरून लाल पट्टीवर आणतो, कारण पुढं मुरबाडपर्यंत सायकल माझी. मास्तर कल्याणच्या गाडीला हात करतात. चढताना त्यांच्या मुठीत भाड्याचे पैसे मोजून तयार असतात. सुट्ट्यावरून त्यांनी आयुष्यभर लोकांशी भांडण केलंय, आता कंडक्टरला संधी द्यायची नाही.